गल्लीभर फिरलेल्या दिवालगिऱ्या

मी त्यांना मोती आणायला सांगितलं होतं. हैदराबादला चालला आहात, तिथले मोती सगळ्या दुनियेत नावाजलेले, एक साधा सर आणा, खोटा असला तरी चालेल, असं मी हिंगोलीच्या स्टेशनावर गाडी हलेपर्यंत खिडकीशी उभी राहून बजावत होते. आमचे हे नुसतं "व्हय, व्हय" करत होते. हा माणूस दोनदा "व्हय" म्हणाला की त्यानं एकदाही ऐकलेलं नसतं, हे मला लग्नानंतर लवकरच कळलं होतं. तरी आशा सुटत नाही बघा. परत आले ते खांद्यावर गोणपाटात बांधलेलं गाठोडं घेऊन. ते इतकं सांभाळून खाली ठेवलं की मला वाटलं, बाईऽ, मोत्यांची पेटीच आणली की काय! सोडलं तर आत वाळलं गवत, आणि गवतात भिंतीला लावायचे दोन दिवे.

खरं सांगायचं तर दिवे देखणे होते. एकेका दिव्याला वेलीसारख्या वळलेल्या दोन बाह्या, बाह्यांच्या टोकाला मेणबत्ती बसवायच्या वाट्या आणि वाट्यांच्या कडेनं लोंबणारे बिलोरी काचेचे लोलक. अंग पितळेचं आणि त्यावर सोन्याचा मुलामा. जुना मुलामा, कुठे काळवंडलेला, कुठे अजून लख्ख. कुठल्याशा पाडलेल्या हवेलीतला माल, जुन्या बाजारात एका म्हाताऱ्यानं विकायला मांडला होता. तो म्हातारा काय म्हणाला, ते आमच्या ह्यांनी मला त्याच्याच आवाजात करून दाखवलं. "दिवारगीर बोलते इसको, साब. सोने का पानी है, घिसना नको."

"आणि मोती?" मी विचारलं.

"हे लोलक बघ की. मोत्याच्या तोंडात मारतील."

"अहो, हवेलीतले दिवे लावायला आपल्याकडे हवेली कुठं आहे?"

"भिंत तर आहे ना?" हे म्हणाले, आणि स्क्रू शोधायला लागले.

हे विजेच्या खात्यात वायरमन होते, आता रिटायर आहेत. सगळा जन्म दुसऱ्याच्या घरात उजेड पाडण्यात गेला. वादळात तार तुटली की भरल्या ताटावरून उठायचं आणि खांबावर चढायचं. स्वतःच्या घरात मात्र तीच एक ट्यूब, तीही चालू होताना दहा वेळा डोळे मिचकावणारी. म्हणून असेल, ह्या दिव्यांवर त्यांचा जो जीव जडला तो पहिल्या दिवसापासून. मेणबत्तीच्या वाट्यांत बारीक होल्डर बसवले, बाहीच्या आतून वायर काढली, एकेक लोलक कोमट साबणाच्या पाण्यात बुडवला आणि माझ्या ब्लाउजच्या अस्तराच्या तुकड्यानं पुसला. मी ब्लाउज शिवते, अस्तराचे तुकडे घरात कमी नाहीत, पण त्यांनी नेमका नवा, न कापलेला वार उचलला. त्यावरून भांडण झालं ते वेगळं.

संध्याकाळी बटण दाबलं आणि आमची पिवळट भिंत एकदम सणासारखी झाली. रंगाचे बारीक ठिपके छतावर, बुद्धांच्या मूर्तीच्या खांद्यावर, माझ्या शिलाई मशीनवर. मी तोंड फिरवून स्वयंपाकघरात गेले. मला आवडलं होतं, आणि ते त्यांना इतक्यात कळू द्यायचं नव्हतं. मोत्यांचा राग अजून गेला नव्हता माझा.

आता ह्या दिव्यांना पाय कसे फुटले ते सांगते. आमच्या गल्लीत कोणाच्या पोरीला पाहुणे पाहायला येणार असले की ती बातमी सगळ्यात आधी माझ्याकडे येते. साडी कोणाची तरी मिळते, पण ब्लाउज अंगासारखा शिवावा लागतो. तर एक बाई ब्लाउज टाकायला आली, माप देता देता भिंतीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "वैनी, रविवारी पाहुणे येऊन राहिले. एका दिवसासाठी देता का हे दिवे? आमची भिंत लईच उघडी दिसते."

मी नाहीच म्हणणार होते. पण आमचे हे आतून ओरडले, "देतो की! मीच लावून देतो!"

झालं. त्या पोरीचं जमलं. दिव्यांनी जमलं असं मी म्हणत नाही, पोरगी चांगली शिकलेली होती. पण गल्लीनं ते यश दिव्यांच्या नावावर मांडलं. तेव्हापासून रीतच पडून गेली: पोरीला पाहायला येणार असले की माझ्याकडे ब्लाउज आणि ह्यांच्याकडे दिवे. दिवालगिरी हा शब्द फक्त आमच्या ह्यांच्या तोंडी, गल्ली आपली "लोलकाचे दिवे" म्हणते. सकाळीच हे ड्रिल मशीन घेऊन निघायचे, त्या घराच्या समोरच्या भिंतीला भोकं पाडायचे, दिवे लावायचे, संध्याकाळी उतरवून आणायचे. आमच्या गल्लीत लग्नाच्या पोरीचं घर ओळखायचं असेल तर बैठकीच्या भिंतीवरची भोकं बघावीत.

बरं, नुसते दिवे लावून परत येतील तर ते आमचे हे कसले! वायरिंग जुनं, कधी काय होईल सांगता येत नाही, असं म्हणून हे तिथंच थांबायचे. दिव्याखाली स्टूल टाकून, हात मांडीवर ठेवून, खिशात टेस्टर. आता पाहुण्यांना काय कळणार की हे दिव्यांचे राखणदार आहेत? ते विचारायचे, "हे कोण?" घरचे काय सांगणार, वायरमन बसवलाय? मग हे कुठे पोरीचे चुलते झाले, कुठे मावसा झाले, एका ठिकाणी तर आईचे मामा झाले. आणि पोहे मात्र सगळीकडे खाल्ले.

दिव्यांचीही तीच गत. पाहुण्यानं भिंतीकडे पाहून "वा, जुने दिसतात" म्हटलं की यजमानाच्या तोंडून इतिहास सुरू. एका घरी ते दुबईच्या मेव्हण्यानं पाठवले होते. एका घरी लग्नात आंदण आलेले. कोपऱ्याच्या घरी तर पणजोबांना जहागीरदारानं बक्षीस दिले होते. आमचे हे स्टुलावर बसून आपल्याच दिव्यांची खानदानं गुपचूप ऐकायचे, आणि घरी येऊन मला सांगताना हसून हसून त्यांना ठसका लागायचा. मी म्हणायचे, "लाज वाटत न्हाई का तुमाला खोट्यात बसायची?" तर म्हणायचे, "मी कुठं बोलतो काही? मी तर फक्त बसून राहतो."

त्या कोपऱ्याच्या घरी आणखी एक घोटाळा झाला होता. दिवे आदल्या संध्याकाळीच नेऊन ठेवले होते. घरची बाई मोठी स्वच्छतेची. तिच्या घरात पितळेचं भांडं काळं राहिलेलं तिला खपत नाही. सकाळी उठून तिनं चिंच भिजवली, राख घेतली आणि दिव्याची एक बाही घासायला घेतली. हंडा घासावा तशी. आमचे हे ड्रिल मशीन घेऊन पोचले तर एका बाहीचं सोनं सगळं चिंचेच्या पाण्यात उतरलेलं, आणि बाई मोठ्या कौतुकानं म्हणते, "बघा भाऊ, कसं लख्ख केलं! लईच कळकट ठेवले होते तुमी." म्हाताऱ्यानं बजावलेलं "घिसना नको" ह्यांनी गल्लीला सांगितलंच नव्हतं. एवढ्या प्रेमानं घासलेलं, तिला काय बोलणार! घरी येऊन हे त्या बाहीवरून बोट फिरवत बसले. सोन्याच्या तीन बाह्या आणि एक नुसती पितळेची. त्या पोरीचं काही तिथं जमलं नाही. पाहुणे कुठले होते, हे मी तेव्हा विचारलंही नाही. तीच चूक पुढे महागात पडणार होती, पण हे कोणाला ठाऊक असतं?

आता समोरच्या ताईंकडे येते, कारण सगळं घडलं ते त्यांच्या घरी. ताईंचे मालक पोरगी लहान असतानाच गेले. ताई मेसमध्ये पोळ्या लाटतात, सकाळ-संध्याकाळ, आणि त्या पोळ्यांवर त्यांनी पोरीला नांदेडला ठेवून लॅब टेक्निशियन केलं. पोरगी म्हणजे आमच्या घरात वाढलेलं लेकरू. आमच्या दिव्याखाली बसून अभ्यास करायची आणि वहीवर पडलेला लाल-निळा ठिपका पेनानं गिरवायची. आम्हाला मूलबाळ नाही. हे मी एरवी कोणाला सांगत नाही, पण इथं सांगितल्याशिवाय आमच्या ह्यांचा जीव तिच्यात किती होता ते कळणार नाही.

ती एकदा नांदेडहून आली आणि माझ्यासमोर मापाला उभी राहिली. मी टेप खांद्यावर लावला तर हळूच म्हणाली, "काकू, ह्या रविवारी येणार आहेत ना पाहायला, तो मुलगा आमच्याच लॅबमध्ये आहे."

माझ्या तोंडात टाचण्या होत्या, नाहीतर मी ओरडलेच असते.

"दोन वर्षं झाली ओळखतो आमी. त्याची आई कडक आहे. आपण होऊन पसंत केलेली पोरगी म्हटलं तर ऐकायच्याच न्हाईत. म्हणून त्याच्या मामाकडून स्थळ म्हणून सुचवलंय. काकू, मला हाच पाहिजे. हे मोडलं तर मी दुसऱ्या कोणापुढं बसणार न्हाई."

असं सांगताना तिचे डोळे भरले, आणि मी टेप टाकून तिला जवळ घेतलं. "काहून मोडेल? माझ्या ब्लाउजात बसलेली पोरगी कोणी नापसंत केली का आजवर?" म्हटलं. कोपऱ्यावरची केली होती, पण ते तिला कशाला आठवून द्या!

दिव्यांना ती पोरगी नकोच म्हणत होती. "काका, राहू द्या, साधंच बरं." पण ताई हट्टाला पेटल्या. त्यांनी कधी कोणाकडे साधी वाटीभर साखर मागितली नाही, आणि त्या दिवशी आमच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "भाऊ, सगळ्यांच्या पोरीला लागले दिवे. माझ्याच पोरीला काहून न्हाई?" आमचे हे उभेच राहिले. म्हणाले, "ताई, हिच्यासाठी न्हाई लावणार तर कोणासाठी लावू?"

रविवारी पाहुणे आले. हट्टा गावचे. मुलगा, त्याचे वडील, तो मध्यस्थी करणारा मामा आणि मुलाची आई. बाई अंगानं उंच, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि समोरच्याला पूर्ण बोलू देण्याची सवय. अशी माणसं मला धोक्याची वाटतात. आपण बोलत जातो, बोलत जातो, आणि ते फक्त ऐकून घेतात. मी पोह्यांच्या प्लेटा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात. हे त्यांच्या ठरलेल्या जागी, दिव्याखालच्या स्टुलावर, नव्यासारखा इस्त्री केलेला शर्ट घालून. पोरगी हिरव्या साडीत बसली. मुलगा इतका जमिनीकडे बघत होता की कोणालाही संशय यावा.

सगळं बराबर चाललं होतं. नाव, शिक्षण, नोकरी. मग हट्ट्याच्या बाईंची नजर भिंतीवर गेली.

"दिवे छान आहेत ओ," त्या म्हणाल्या.

ताई बिचाऱ्या सकाळपासून घाबरलेल्या. त्यांना ना जहागीरदार सुचला ना दुबई. त्या एकदम म्हणाल्या, "माझ्या भावानं दिले. हे काय, हेच माझे भाऊ."

"सख्खे?"

"व्हय." आणि मग आणखी हळू, "सख्खे."

बाई उठल्या. दिव्यापाशी गेल्या, चष्मा वर सरकवला, आणि त्या घासलेल्या बाहीवर बोट ठेवलं.

"हे दिवे मी पाहिलेत," त्या शांतपणे म्हणाल्या. "याच गल्लीत, कोपऱ्याच्या घरी. थोरल्यासाठी पोरगी पाहायला आलो होतो. तवाबी ह्याच एका बाहीचं सोनं उडालेलं होतं. तवा हे दिवे त्यांच्या पणजोबांना बक्षीस मिळालेले होते." मग स्टुलाकडे वळल्या. "अन् तुमी, तवा त्या पोरीचे चुलते होता."

आमचे हे जन्मभर खांबांवर चढले, पण असा झटका त्यांना कधी बसला नसेल. हात खिशातल्या टेस्टरवर गेला. मामा छताकडे बघायला लागला. मी प्लेटा खाली ठेवल्या, कारण माझा स्वभाव मला ठाऊक आहे. मी आता काहीतरी बोलणार होते, आणि ते बरं बोलणार नव्हते. दिवे बघायला आलात का पोरगी, असंच काहीतरी.

पण माझ्या आधी पोरगी बोलली. मान वर करून, सरळ बाईंकडे बघत.

"दिवे काकांचे आहेत. समोरच राहतात. गल्लीतल्या सगळ्या पोरींना देतात ते. काका आईचे सख्खे भाऊ न्हाईत. आमच्या भिंतीवर लावायसारखं काही नव्हतं, अन् आईला वाटलं तुमाला घर बरं दिसावं. बाकी काही न्हाई."

लोलक पंख्याच्या वाऱ्यानं किणकिणत होते, मला तर ते उपटून फेकावेसे वाटले. हट्ट्याच्या बाई खाली बसल्या. "बरं," एवढंच म्हणाल्या. राहिलेले पोहे संपवले, पाणी प्यायल्या. निघताना दारात म्हणाल्या, "कळवतो."

"कळवतो" म्हणजे काय ते पोरीच्या आयांना कोणी समजावून सांगावं लागत नाही.

पाहुणे गल्लीच्या बाहेर पडले असतील नसतील, ताई पोरीवर तुटून पडल्या. "तोंड शिवून बसता येत नव्हतं? व्हय म्हणायचं, सख्खा म्हणायचं, मेलं असतं का कोणी?" पोरगी साडीची पिन काढत राहिली. आमच्या ह्यांनी तिथंच दिवे उतरवले. घरी आणून गोधडीत गुंडाळले, पेटीत घातले आणि पेटीला कुलूप लावलं. "माझ्यापायी पोरीचं मोडलं," म्हणाले. "आता ह्या घरातून दिवा बाहेर जायचा न्हाई."

"दिव्यांनी न्हाई मोडलं, लोकांच्या जिभेनं मोडलं," मी म्हटलं. पण त्यांनी ऐकलं नाही. जेवायला बसायचे आणि भाकरी कुस्करून ताटात ठेवायचे. आमची भिंत मोकळी झाली होती आणि त्यांची पाठ कायम त्या भिंतीकडे.

त्यात कोपऱ्यावरची बाई माझ्याकडे भांडायला आली. आमच्या पणजोबांची अब्रू पाहुण्यांपुढं काढली म्हणे! मी कात्री खाली ठेवली आणि तिला म्हटलं, "तुझ्या पणजोबांना आधी सोनं परत द्यायला सांग, चिंचेनं घासलेलं." ती तरातरा निघून गेली. मला नंतर वाईट वाटलं, पण लगेच नाही.

पोरगी रजा टाकून घरीच राहिली. नांदेडला गेलं की तो समोर दिसणार, आणि त्याला विचारायचं काय? तो फोनवर एवढंच सांगायचा, आई काहीच बोलत नाही, हो म्हणत नाही की नाही म्हणत नाही. ताईंच्या पोळ्या करपायला लागल्या म्हणून मेसवाल्यानं दोनदा टोकलं. एक पोरगी बोलून गेली खरं, आणि तीन माणसांचा जीव टांगणीला. मला धरून चार.

मग एका मंगळवारी, बाजाराच्या वेळेला, मी मशीनवर बसले होते तर गल्लीत रिक्षा थांबली. उतरल्या त्या हट्ट्याच्या बाई. एकट्याच. हातात पिशवी. सरळ समोरच्या घरात शिरल्या. ताई मेसवर होत्या. मी सुई कापडात तशीच सोडून धावले. चपलाही घातल्या नाहीत.

पोरगी जुना गाऊन घालून भाकरी थापत होती. बाईंना बघून उठली तर हात पिठानं भरलेले. बाईंनी माझ्याकडे वळून विचारलं, "तुमी कोण? मावशी का?"

"शेजारीण," मी म्हटलं. "ब्लाउज शिवते. नातं काहीच न्हाई."

"बरं झालं," बाई म्हणाल्या, आणि मला वाटलं की त्या हसल्या, पण चष्म्यामुळे नक्की कळलं नाही. त्या बैठकीत भिंतीला टेकून बसल्या. डोक्याच्या वर आमच्या ह्यांनी पाडलेली भोकं. बाईंनी एका भोकात बोट घातलं, चुना खाली पडला. "भिंतीची तर पार वाट लावली ओ," म्हणाल्या.

पोरीनं हात धुऊन चहा टाकला. दूध नव्हतं, काळाच केला. बाईंनी कप हातात घेतला, पण प्यायल्या नाहीत.

"माझा पोरगा घरी येतो, ताटावर बसतो अन् उठतो. परवा धरून विचारलं त्याला. समदं सांगितलं त्यानं." त्यांनी पोरीकडे पाहिलं. "दिव्याचं खरं एका दमात बोलून गेलीस. मग हे काहून लपवलं?"

पोरगी त्यांच्या समोर बसली, अगदी समोर.

"हे सांगितलं असतं तर तुमी आल्याच नसत्या."

"न्हाईच आले असते," बाई म्हणाल्या. मग चहा प्यायला लागल्या. काळा चहा, एकेक घोट. मला वाटलं, हा कप संपला की ह्या उठतील आणि संपलं. कप संपला. त्यांनी तो खाली ठेवला, पदरानं चष्मा पुसला.

"कोपऱ्याच्या घरी मी तवा हेच विचारलं होतं, दिवे कोणाचे. मला काय दिव्याचं पडलंय? माणूस कसं बोलतं ते बघायचं असतं." पिशवीतून त्यांनी नारळ काढला, पेढ्यांचा पुडा काढला आणि पोरीच्या हातात दिला. "रविवारी येतो सुपारी फोडायला. तुझ्या आईला सांग. दिवे लावू नका, डोळ्यावर येतात."

पोरीला रडू आवरेना. नारळ छातीशी धरून ती तिथंच बसून राहिली, आणि मीही रडत होते, नातं काही नसताना.

दारापर्यंत जाऊन बाई थांबल्या. "पण ते स्टुलावरचे गृहस्थ पाहिजेत. पोरीकडून कोणीतरी मोठं माणूस बसलं पाहिजे. चुलता म्हणा, मामा म्हणा, तुमाला काय म्हणायचं ते म्हणा, पण आता एकदाच काय ते ठरवा."

मी घरी गेले तेव्हा हे तसेच बसलेले, भिंतीकडे पाठ करून. मी सगळं सांगितलं, धापा टाकत, मागचं पुढं करत. ते ऐकत राहिले. पोरीचं जमलं म्हटल्यावर त्यांनी डोळ्यांवर हात घेतला. मग हळूच म्हणाले, "पण मी बसू कोण म्हणून? तिनं तर सांगून टाकलं, मी कोणी न्हाई म्हणून."

दारात ताई उभ्या होत्या. कोणीतरी मेसवर निरोप दिला होता, तशाच धावत आल्या होत्या, कोपरापर्यंत पीठ.

"भाऊ म्हणून बसा," ताई म्हणाल्या. "इतकी वर्षं तुमाला भाऊ म्हणते, ते काय उगंच? सख्खे म्हणाले तेवढं चुकलं असेल माझं. भाऊ म्हणाले ते खोटं नव्हतं ओ."

आमचे हे उठले आणि तो इस्त्रीचा शर्ट कुठं ठेवला म्हणून मला विचारायला लागले, रविवार अजून कितीतरी लांब होता तरी.